आखाजीच्या दिवसांतला ट्राउट

ट्राउट या माशाचा मला राग आहे. चव त्याची चांगलीच असते, काटाही कमी, तक्रारीला जागा नाही. माशावर राग धरणं वेडेपणाचं आहे हेही मला कळतं. पण जो राग माणसावर काढायचा तो मी वर्षानुवर्षं माशावर काढला, कारण तो माणूस माझा बाप होता.

आम्ही बुऱ्हाणपुरात बुधवाऱ्यात राहायचो. बाबा कागद कारखान्यात सुपरवायझर होते. सकाळच्या गाडीने जायचे, चांदनी स्टेशनला ती हमखास अडकून पडायची, आणि संध्याकाळी ते कानात मशीनची घरघर घेऊन परत यायचे. घरात कोणी जरा मोठ्याने बोललं की कपाळाला आठी. कारखान्यातल्या एका मोठ्या साहेबांनी त्यांना एकदा सुट्टीत हिमाचलला सोबत नेलं आणि ट्राउटसाठी गळ टाकायला शिकवलं. तेव्हापासून त्यांना दुसरं काही दिसेना. दरवर्षी उन्हाळ्याची सुट्टी लागली की आम्ही तिघं निघायचो. भोपाळ, दिल्ली, पुढे रात्रभर बस, आणि मग पाठीवर ओझं घेऊन डोंगर, पार वरच्या तळ्यापर्यंत.

लोकांना वाटायचं, काय नशीब आहे या घराचं. शेजारणी आईला म्हणायच्या, आम्ही इथे मे महिन्यात भाजून निघतो आणि तुमचे हे तुम्हाला बर्फात नेतात. आई हसायची. तिचं ते हसू मी ओळखून होते.

आईचं माहेर रावेरकडे. बुधवाऱ्यातून निघालं तर बसने तास-सव्वा तास. इतक्या जवळच्या माहेरी ती एरवी जायचीच. कोणाचं लग्न, कोणाचं बारसं, दोन दिवस राहून परत. तिला हवी होती ती आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात सासरी गेलेल्या लेकी दिवाळीला एक वेळ येणार नाहीत, पण आखाजीला येतात. त्या दिवसांत गाव पोरींचं होतं. कडुनिंबाला झोके बांधलेले असतात, घरोघरी सांजोऱ्या तळत असतात, आणि एकेका गल्लीत वाढलेल्या आठ-दहा जणी वर्षातून एकदाच एकत्र सापडतात. आणि हा सण नेमका बाबांच्या सुट्टीत यायचा.

तिचा भाऊ, माझा मामा, तिला न्यायला यायचा. बहिणीला आणायला जाणाऱ्या भावाला मुराळी म्हणतात, आणि मुराळ्याला रिकामं पाठवत नाहीत. बाबा त्याला रिकामंच पाठवायचे, पण चांगलं जेवू घालून. जेवण झालं की प्लास्टिकच्या जाड पाइपात जपून ठेवलेल्या गळाच्या काठ्या काढून दाखवायचे, रीळ फिरवून त्याचा आवाज ऐकवायचे. मामा मान डोलवत राहायचा. आई आतून पानाचं ताट आणून ठेवायची. पुढेपुढे मामा यायचा बंद झाला, नुसता फोन करायचा, आणि फोन बाबाच उचलायचे.

आता त्या तळ्याबद्दल. ते सुंदर होतं, ते मी नाकारत नाही. देवदार संपले की दगडांचा उतार लागायचा, तो चढून गेलं की एकदम खाली हिरवंगार पाणी, काठाला अजून विरघळायचा राहिलेला बर्फ. बाबा तिथे पोचले की त्यांचा चेहरा सैल व्हायचा. मला तेव्हाही वाटायचं, या माणसाला घरी हा चेहरा का आणता येत नाही. वर चढताना काठ्यांचा पाइप तेवढा बाबांच्या खांद्यावर असायचा. स्टोव्ह, पातेली, पीठ, मसाला हे आईच्या पाठीवर. मी मधे, दोघांचं थोडंथोडं.

आईच्या माहेरी मासा शिजत नव्हता. बाबांच्या घरीही नव्हता. त्यांना चटक लागली ती साहेबांच्या पंगतीत. आईने पहिला मासा साफ केला तेव्हा तोंडाला पदर लावला होता. बाबांनी तिचं कौतुक केलं, शिकलीस की म्हणाले. पुढे ती सराईत झाली, बोटाने आतडी काढायची, हळद-मीठ लावून तव्यावर टाकायची. स्वतः मात्र शेवटपर्यंत लोणच्याशी पोळी खाल्ली.

पाण्याजवळ बोलायचं नाही, हा बाबांचा कायदा. भांडं वाजवायचं नाही, दगड गडगडू द्यायचा नाही, खोकायचं झालं तर तंबूत जाऊन. एका वर्षी तर आखाजी बरोबर तळ्यावरच आली. आई पीठ मळत होती आणि मला हळू आवाजात सांगत होती, की आत्ता गावात काय चाललं असेल. मला ती गोष्ट पाठ होती, तरी मी दरवर्षी मागून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी घरात बसवलेली गौराई बुडवायला नदीवर जायचं. इकडच्या काठाला आपल्या गावच्या बाया, पलीकडे शेजारच्या गावच्या, मधे वाळू. आणि मग गाण्यांतून शिव्या. तुमच्या गावचे नवरे इतके आळशी, की तोंडावर माशी बसली तरी बायकोला हाक मारतात. तुमचे इतके भित्रे, की कोंबडी ओरडली तर पलंगाखाली जातात. दिलं की घ्यायचं, घेतलं की वरचढ परत द्यायचं. राग धरायचा नाही, संध्याकाळी एकमेकींच्या सांजोऱ्या खायच्या. माझी आई यात पहिली होती. लग्नाआधी पलीकडच्या बाया म्हणे विचारून घ्यायच्या, ती आली आहे का.

हे सांगता सांगता तिला सूर लागला. फार नाही, गुणगुणण्यापेक्षा जरासा वर. पलीकडच्या काठावरून बाबांनी टोपीखालून वळून पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आई सूर सोडून पोळी लाटायला लागली. मला त्या क्षणी बाबा नको झाले. अजूनही तो दिवस आठवला की नकोच होतात.

त्याच्या पुढच्या वर्षी तिला डोंगर लागला. डोकं फुटायला आलं होतं, पोटात पाणी ठरत नव्हतं, रात्रभर ओकत होती. पहाटे बाबांनी तंबूत डोकावून सांगितलं की हे उंचीमुळे होतं, लिंबू चोख, आणि जरा हळू, सकाळची वेळ आहे, मासा बिचकतो. मग ते काठी घेऊन गेले. दुपारी तीन मासे घेऊन आले. ते मी तळले, करपवले, आणि मुद्दामच करपवले.

आणि मग एकदाचे बाबा पडले. मार्च लागला की बाबा राजघाटावर सराव करायचे. तापीतला मासा त्यांच्या लेखी चिखल, पण दोरी लांब फेकायची सवय राहावी म्हणून तापी चालायची. घाटावरची पोरं हसायची, बाबांना त्याचं काही नसे. तिथे शेवाळावरून पाय घसरला आणि घोटा मोडला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. प्लास्टर बघूनच मी मामाला फोन केला.

आत्या येऊन राहिली. तरीही आईने बाबांना विचारलंच, मी यंदा आखाजीला जाऊ का. बाबा पेपर खाली न ठेवता म्हणाले, “जा ना. मी कधी अडवलंय का?”

मला वाटलं आई आता काहीतरी बोलेल. ती पिशवी भरायला आत गेली.

गावात तिचं फार कौतुक झालं. जिला तिला मिठ्या. केस पिकलेल्या, सुना आलेल्या बाया तिला धरून झोक्यावर घेऊन गेल्या. सगळ्या हजर नव्हत्या, काही सुरतेकडे, काही पुण्याकडे, पण नदीवर पुरेशा होत्या. नदीत पाणी नावाला, वाळूच जास्त. पलीकडच्या बायांनी सुरुवात केली, इकडून उत्तरं गेली, हसून हसून पोटं धरली. तरण्या पोरी मोबाइलवर व्हिडिओ काढत होत्या, त्यांचं अर्धं बोलणं हिंदीतच. मग कोणीतरी आईला पुढे ढकललं. पलीकडून एक जाडजूड बाई ओरडली, की इतकी वर्सं कुठी तोंड लपवलं होतं, नवऱ्यानं दावणीला बांधलं होतं का. सगळ्या आईकडे बघायला लागल्या. मीही. याच क्षणासाठी मी तिला आणलं होतं.

आईने पदर खोचला. पण सूर लावला नाही. बोलायलाच लागली.

“माह्या नवऱ्याचं सांगते, आयका. मासा हातात घ्यायच्या आधी तो आपले हात पान्यात वले करते. कोरड्या हातानं त्याच्या आंगाले चटका बसते म्हनते.”

बाया हसल्या. आपल्याच नवऱ्याला शिवी, ही नवी तऱ्हा त्यांना आवडली. आता पुढची ओळ येणार म्हणून टाळ्या धरल्या.

“लहान मासा आसला तं त्याले मारत नाही. दोन्ही हातानं पान्यात धरते, दम परत येयेपर्यंत धरते, मंग सोडते. आन मी रातभर ओकत होती, तं मले म्हने, आवाज नको करू.”

टाळ्या थांबल्या. आई थांबली नाही. ती त्याच आवाजात, न रडता, बाजाराचा हिशोब सांगावा तसं सांगत राहिली. पीठ कोणी वाहिलं, मुराळी कसा परत गेला, कोणाचा फोन कोणी उचलला. वाळूवर एवढ्या बाया होत्या आणि कोणी खोकत नव्हतं. पलीकडच्या त्या जाड बाईची पाळी होती, उत्तर तिने द्यायचं होतं. ती खाली वाकून आपली गौराई नीट करायला लागली. आमच्या बाजूच्या एका म्हातारीने घाईघाईने दुसरंच गाणं सुरू केलं. पोरींनी मोबाइल खाली घेतले होते.

संध्याकाळी पलीकडच्या गावाहून सांजोऱ्या आल्या. आईला कोणी काही विचारलं नाही, सगळ्या तिच्याशी फार जपून वागत होत्या. ते तिला सहन होईना. दुसऱ्या दिवशी तिने सकाळचीच बस धरली. रावेर मागे पडल्यावर मी म्हटलं, पुढच्या वर्षी परत येऊ, मी स्वतः तुला घेऊन येईन, बाबांचं मी बघते. ती खिडकीबाहेर केळीचे मळे बघत होती.

“आता नको,” ती म्हणाली. “त्या गमतीनं शिव्या देतात वं. मले गमतीनं देता येत नाही आता.”

पुढच्या आखाजीला मामा कितीतरी वर्षांनी स्वतः न्यायला आला. त्याला आईनेच सांगितलं, आम्ही डोंगरावर चाललोय. स्टोव्ह तिनेच पुसून ठेवला होता, मसालाही कुटला होता. बाबांचा घोटा पुरता बरा झाला होता. मामा गेल्यावर ते माझ्याकडे वळून खुशीत म्हणाले, “बघितलंस? शेवटी तुझ्या आईलाही गोडी लागली.”

आई तिथेच उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, तिने बोलू नको म्हणून मान हलवली. बाबा हे अजूनही आल्यागेल्याला सांगतात.