रेषेबाहेरचा लाल

पँटवरून चड्डी घालणाऱ्या कॉमिक्समधल्या महानायकांना हसणारे लोक मी खूप पाहिले. हिंगणघाटच्या शाळेत मी चित्रकला शिकवायचो, तेव्हा स्टाफरूममध्येही हसायचे. मी मात्र त्या कॉमिक्सची जुनी मुखपृष्ठं सरळ फळ्यावर टांगायचो आणि पोरांना म्हणायचो, बघा, मोजके रंग आहेत, पण हा ठोसा मागच्या बाकापर्यंत पोचतो की नाही? मुख्याध्यापकांनी एकदा बोलावून समज दिली. दुसऱ्या दिवशी मी आणखी टांगली. ती मुखपृष्ठं भंगार नव्हती, आजही नाहीत, आणि याबाबतीत या वयात मी कोणाचं ऐकून घेणार नाही.

पण त्यांच्याच जिवावर मी एक खोटं जगत आलो. यंदा ते मोडायला निघालो, तर घरचे आणि गावचे मला समजवायला आले. म्हणून काय घडलं ते लिहून ठेवतो.

आम्ही मूळचे सिंदी रेल्वेचे. वडिलांचं कापडाचं दुकान होतं. स्टेशनवरच्या बुकस्टॉलवर कॉमिक्स दोरीला चिमट्यांनी टांगलेली असायची. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी ताई आणि मी पॅसेंजरची वाट पाहत असल्यासारखे तिथे उभे राहायचो आणि मुखपृष्ठं डोळ्यांत भरून घ्यायचो. मी मारामारी बघायचो, ती कपडे बघायची. नायकाच्या पाठीवर उडणाऱ्या लांब कापडाला आम्ही झूल म्हणायचो. पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतात ती झूल. दुसरा शब्द आम्हाला ठाऊक नव्हता.

"ह्याची झूल काऊन नाई घसरत रे?" ताई विचारायची. "बटन कुठं हाय?"

"तो उडते, ताई. त्याले बटन कायले लागते?"

"उडला म्हणून का झालं? कोणी तरी शिवलीच असन ना!"

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी नंदी सजवून चौकात आणतात, सोबत वेशभूषेची स्पर्धा होते. तेव्हा सगळे राजे, साधू नाही तर शिपाई व्हायचे. एका वर्षी ताईने ठरवलं की मी महानायक व्हायचं. तिला स्वतःला होता आलं नसतं. "आता तू मोठी झाली," असं आईने सांगून टाकलं होतं, आणि मोठ्या झालेल्या पोरींनी तान्हा पोळा दुरूनच बघायचा असे.

दुकानातले निळे-लाल कटपीस घेऊन ती आईच्या मशीनवर बसली. इथे एक गंमत सांगायला हवी. आमच्या स्टॉलवर येणाऱ्या अंकांवर लाल रंग नेहमी रेषेवरून डावीकडे सरकलेला असायचा. ती छपाईतली चूक होती, हे मला पुढे शिकताना कळलं. पण आम्ही दुसरं काही पाहिलेलंच नव्हतं. ताईला वाटलं, पोशाखच तसा असतो. तिने डाव्या खांद्यापासून बाहीपर्यंत आणि पट्ट्यालाही लाल कापडाची झालर बाहेर काढून शिवली. नंदीच्या झुलीलाही तशीच लावली. मी चालू लागलो की ती झालर एका बाजूला फडफडायची, जणू माझा रंग मागे पडलाय आणि मला गाठायला धावतोय. असा पोशाख जगातल्या कुठल्याच नायकाकडे नव्हता.

पहिला नंबर आला. परीक्षकांनी स्टेजवर बोलावून माईक माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "हे डोकं कोणाचं रे?"

ताई समोर गर्दीच्या कडेला उभी होती. सुई टोचलेल्या बोटाला तिने चिंधी बांधली होती.

मी म्हणालो, "माझं."

तिथून पुढचं सगळं ठरत गेलं. पोराच्या हातात कला आहे म्हणून वडिलांनी मला नागपूरला चित्रकला शिकायला पाठवलं. ताईचं लग्न समुद्रपूरकडच्या शेतकरी घरात झालं. तिथे तिने मशीनवर झबली आणि उशांचे अभ्रे शिवले. तिने तो विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही. तिला काय आता त्याचं, असं मी स्वतःला सांगत राहिलो. खरं तर मी भित्रा होतो.

यंदा सिंदीच्या तान्हा पोळा कमिटीने माझा सत्कार ठरवला: गावातला पहिला महानायक. सचिव माझाच विद्यार्थी. त्याला त्या स्पर्धेतला माझा जुना काळापांढरा फोटो कुठे तरी सापडला. कॉम्प्युटरवर त्याने त्यात रंग भरले, मोठा फ्लेक्स छापला आणि खाली लिहिलं, वेशाची कल्पना आणि शिलाई, त्यापुढे माझं नाव. मोबाईलवर मला दाखवला. डावीकडची झालर गायब होती.

"कपडा उसवला होता वाटते, सर. म्हणून साफ करून टाकला."

मी म्हणालो, "तो वेश माझ्या बहिणीचा आहे. फ्लेक्स बदल."

"आता तं चौकात लागला, सर. स्टेजवर सांगून द्या ना दोन शब्द."

स्टेजवर एकदा दोन अक्षरं बोलूनच तर हे झालं होतं. माझा मुलगाही म्हणाला, "बाबा, इतक्या वर्षांचं काऊन उकरून राह्यले? आत्याले तरी आठवते का?"

मी ताईला फोन लावला. तो पोशाख आठवतो का, विचारलं.

"पट्ट्याची झालर पहिले उलटी लागली होती," ती लगेच म्हणाली. "उसवून पुन्हा लावली. आईची बोलणी खाल्ली." मग विचारलं, "काऊन रे आज?"

"तान्ह्या पोळ्याले सिंदीले ये."

"मले कोण वळखते आता तिथं?"

"म्हणूनच ये."

त्या दिवशी सकाळीच मी ऑइलपेंट, ब्रश आणि स्टूल घेऊन चौकात गेलो. आधी माझ्या नावावर काट मारली. मग ताईचं नाव लिहिलं, माहेरचं आणि सासरचं, दोन्ही पूर्ण. मग लाल डबा उघडून झालर काढायला घेतली. पानठेल्यावरून कोणी तरी ओरडलं, "म्हातारपणी पेंटर झाले का, मास्तर?"

"पेंटर होतोच. वेश माझा नव्हता."

सचिव धावत आला. "सर, हे का करून राह्यले? पाहुणे येऊन राह्यले!"

"तुझं चित्र सुधारून राह्यलो. शाळेत काय कमी सुधारली?"

लोक हसले. तो रडकुंडीला आला. "फ्लेक्स खराब होते ना, सर!"

"होऊ दे. तू पुसलं तेवढं भरतो, मग उतरतो."

तेवढ्यात ताई आली. बसमधून उतरून पिशवीसकट सरळ फ्लेक्सखाली उभी राहिली. आपलं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग नजर वर झालरीकडे गेली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"बाहीपासून नव्हती ती. खांद्यापासून होती. अन् हा लाल रंग पाह्य, खाली वाहून राह्यला तुहा."

मी खाली उतरलो आणि ब्रश तिच्यापुढे धरला.

तिने पिशवी सचिवाच्या हातात दिली, पदर खोचला. माईकवर कोणी तरी पाहुण्यांना जरा थांबायला सांगत होतं.

"स्टूल धर घट्ट," ताई म्हणाली.

मी धरलं.