मोठ्या बाबांच्या मागे

आमचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, कधी कुणाच्या शेजारून चालत नसत. लोधिवलीहून चौकच्या बाजाराला जाताना जुन्या हायवेच्या कडेला दोन माणसं जोडीने मावतच नाहीत. म्हणून ते पुढे, मोठी आई मागे. त्यांची भांडणंही तशीच, एकामागे एक चालत. मान न वळवता ते ओरडत, "भेंडी घ्यायची हाय का नाय गं?" मागून उत्तर येई, "घरातली सडली, ती आधी खावा!" ट्रकच्या घरघरीच्या वर आवाज काढायची सवय लागलेली, त्यामुळे घरातही दोघं तसेच बोलत.

मोठी आई गेली आणि त्यांची चाल मंदावत गेली. सदरा खांद्यावरून ओघळू लागला. पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी उचलत. जेवायला बसवलं की म्हणत, "भूक नाय." चुलतभाऊ गुडघ्यांना तेल चोळी. "असंच चाललं तर पावसाळा काढायचे नाय," तो मला हळूच म्हणाला.

खालापूरच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. ते उठले नाहीत. उठता येईना की उठावंसं वाटेना, मी विचारलं. "दोन्ही," बाई म्हणाल्या. "एक दुसऱ्याला खाली ओढतं. औषध देते, पण चालतं ठेवा."

मग आम्ही त्यांचा दंड धरून गल्लीत शेजारून चालू लागलो. ते पाय ओढत. एके सकाळी त्यांना हायवेला नेलं, तर माझ्या चपलेचा पट्टा तुटला. मी वाकले. ते थांबतील असं वाटलं, पण पुढून आवाज आला, ट्रकच्या वरचा: "कुठं राहिलीस गं? बाजार उठंल!"

मान वळवली नव्हती.

"आले, तुमी चला!" मी ओरडले. आणि ते चालले.

तेव्हापासून मी मागेच राहिले. पूर्वीचा वेग आला नाही, पण एखाद्या दिवशी चौक गाठत आणि घरी येऊन भाकरी मागत. हे औषधाने झालं की हायवेने, याचा मी अजून विचार करते. एकदा विचारलंच, "मागं मी असते की मोठी आई?"

"मी काय खुळा झालो? तिचा आवाज असा किरटा नव्हता." थोडं चालून म्हणाले, "पन मागं कोनीतरी लागतं गं."

पावसाळा त्यांनी काढला. थंडीत तापाचं निमित्त झालं. अंत्ययात्रेत चुलतभावाने खुणावलं, "ताई, पुढं ये, खांदा दे." मी मानेनेच नाही म्हटलं आणि मागेच राहिले. हायवे ओलांडायला सगळे थांबले, मग त्यांना घेऊन पुढे निघाले.

"आले, तुमी चला," मी म्हटलं. ट्रक जात होता.