फ्लेक्ससाठी सोललेलं तोंड

"सर, तुम्ही जरा बाजूला व्हा."

आम्ही अकरा शिक्षक शाळेच्या पायरीवर उभे. फोटोवाला एक डोळा मिटून तयार. बाजूला नेमकं कुणी व्हायचं म्हणून मीही इकडंतिकडं बघितलं. मॅडमचं बोट माझ्याकडं होतं. मॅडम म्हणजे परभणीतल्या आमच्या खासगी शाळेच्या संचालकांच्या पत्नी.

"प्रवेशाचा फ्लेक्स आहे. पालक चेहरे बघतात हो."

लिंबाखालच्या खुर्चीत बसलेले संचालक म्हणाले, "मेंढरामागून उठून थेट शाळेत आल्यासारखं दिसतं. पंधरा दिवसांनी पुन्हा फोटो काढू. तोवर तोंड सारखं करून या. नाहीतर दहावीचं गणित दुसऱ्या कुणाला तरी देऊ."

सगळे हसले. मीही हसलो. माझं ते हसणं मला अजून झोंबतं.

मेंढरामागूनच आलो होतो, खोटं कशाला बोलू. ताडकळसला घर, आबा अजून मेंढरं राखतात. सोळाव्या वर्षी तोंडावर मुरुम उठले, ते मी बाभळीच्या काट्यानं फोडले. अक्कल तेव्हापासूनच अशी. गालांवर खड्डे राहिले. सहा वर्षं दहावीला गणित शिकवलं, एकही पोरगं त्या खड्ड्यांत पडलं नाही. पण तो वर्ग गेला तर मी कोण?

दुसऱ्या दिवशी चामडीच्या डॉक्टर गाठल्या. त्यांनी भिंग लावून गाल बघितला.

"पीलनं, म्हणजे औषध लावून वरची कातडी सोलली की, डाग फिके होतील. खोल खड्डे भरणार नाहीत. त्यांना लेझर लागेल, ते हिवाळ्यात बघू. हे एक पील आज करते. पुढचं चार आठवड्यांनी, तेही त्वचा पूर्ण भरून आली तरच. ऊन टाळा."

"दहा दिवसांत न्हाई का जमणार?"

"तारीख चेहरा ठरवतो, सर. आपण नाही."

पाच-सहा दिवसांनी पापुद्रे निघाले. खाली गुलाबी, नवी कातडी. मी आरशासमोर त्रैराशिक मांडलं. एका पीलमध्ये एवढं, तर दोनमध्ये किती? नववीचं विज्ञानही माझ्याकडंच, त्वचेचे थर मीच फळ्यावर काढतो, रंगीत खडूनं. तरी दहाव्या दिवशी एका पार्लरमध्ये जाऊन बसलो.

"आधी कधी केलंय का?" तिथल्या माणसानं विचारलं.

"न्हाई. जरा कडक लावा."

त्यानं लावलं. डोळ्यांतून पाणी आलं. मी म्हणालो, छान वाटायलंय. मग तोंडाला रुमाल गुंडाळून, एप्रिलच्या भर दुपारी, मोटारसायकलवर ताडकळस.

तिसऱ्या दिवशी गाल काळे पडले. नुसते काळे नाही. कुठं लाल, कुठं काळे, कडेला चिकट पाणी. उशीची खोळ गालाला चिकटून निघाली. खड्डे होते तिथंच, वर हे.

पुन्हा डॉक्टरांकडं. "दोन्हींत अंतर किती?"

"दहा दिवस."

त्यांनी पेन खाली ठेवला. "काय शिकवता तुम्ही?"

"गणित."

त्यांनी भिंग उचलून गाल पुन्हा बघितला. मग म्हणाल्या, "आता सहा महिने काहीही नाही. पील नाही, लेझर नाही. मलम आणि सावली. डाग पूर्ण जातील का, आज सांगता येत नाही."

घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडलो. जेवलो नाही. मरावं वाटलं, हे लिहायला आता लाज वाटत नाही. आबा मेंढ्या कातरत होते. कातर ठेवून आत आले. लोकर बाजूला सारून मेंढीची कातडी बघतात, तशी माझी हनुवटी अंगठ्यानं वर केली.

"कितींदा केलंस?"

"दोनदा. दहा दिसांत."

"मेंढीला बी आमी असं करत न्हाई रं. कातरली की चार दिस सावलीला ठेवतो. लोकर भरल्याबिगर पुन्हा कातर लावत न्हाई." मग म्हणाले, "कुणी सांगितलं तुला?"

"शाळंतल्यांनी."

"मंग लोकर कुणाला गेली?"

एवढंच विचारून ते बाहेर गेले. मी उठून बसलो. कातडी माझी, आग माझी. फ्लेक्स त्यांचा. सहा वर्षं निकाल माझ्या वर्गाचा आणि पेढा त्यांच्या तोंडात. आणि मी त्यांच्याबरोबर हसत होतो.

फोटोच्या दिवशी रुमाल सोडला. मॅडम म्हणाल्या, "अरे देवा! याच्यापेक्षा आधीचंच बरं होतं." सगळे हसले. मी हसलो नाही.

पायरीवर ऊन होतं. सावली फक्त लिंबाखाली, संचालकांच्या खुर्चीवर. ते अजून उभेच होते. मी जाऊन त्या खुर्चीत बसलो.

"सर, ती माझी—"

"डॉक्टरांनी सावलीत बसायला सांगितलंय. काढा फोटो. मेंढरामागचाच हाय मी. हे तोंड नको असंल तर वर्ग काढल्याचं लिहून द्या. कारणात लिहा, तोंड."

फोटोवाल्यानं दोन्ही डोळे उघडले. कुणी कागद काढला नाही. फोटोही निघाला नाही.

फ्लेक्स लागला, त्यावर इमारतीचं चित्र आहे. जूनमध्ये वर्ग काढून घेतील, बहुतेक. घेऊ देत. कारण लेखी मिळेपर्यंत मी खडू घेऊन दहावीच्या दारात उभा राहणार. हिवाळ्यात डॉक्टरांकडं जायचं की नाही, ते माझी कातडी भरून आल्यावर मी ठरवीन. दुसऱ्याच्या फ्लेक्ससाठी मान खाली घालून मी पुन्हा कातरून घेणार नाही.