समुद्राचा धुरा

कॉलेजच्या ऑफिसात फायली जास्त साठतात की किस्से, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. फायली निदान दर काही वर्षांनी रद्दीत जातात. किस्से जात नाहीत. चहा आला की कोणीतरी त्यातला एक काढतो, झटकतो, आणि पुन्हा जागेवर ठेवतो. मी हेड क्लार्क असल्यामुळे ही नोंद ठेवणंही माझ्याकडेच आहे असं सगळे धरून चालतात. तर या नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघं आणि एक कुत्रा समुद्र बघायला गेलो होतो, त्यातले हे काही.

चौघं म्हणजे मी, आमचे लायब्रेरियन सलीमभाई, भूगोलाचे देशमुख सर आणि शिपाई गुलाबराव. आमच्यापैकी कोणीही आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता. देशमुख सर तर बावीस वर्षं भरती-ओहोटी शिकवतायत!

पाचवा तांबू. गुलाबरावांचा कुत्रा.

*

आधी तांबूबद्दल सांगितलं पाहिजे.

साखरखेर्ड्याजवळ गुलाबरावांचं चार एकर वावर होतं. तांबू तिथला राखणदार. हरभऱ्याच्या दिवसांत रानडुकरं यायची, ती याच्या आवाजानेच परत फिरायची. रोज संध्याकाळी हा गडी चारही धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, एक पूर्ण चक्कर मारायचा आणि गुलाबरावांसमोर येऊन बसायचा. गुलाबराव विचारायचे, "झालं का रे?" तांबू एकदाच भुंकायचा. मग दोघंही भाकर खायचे. या क्रमात कधी बदल नाही.

"तलाठ्यालेही एवढी हद्द पाठ नसंन," असं गुलाबराव अभिमानाने सांगायचे.

मग ते वावर नव्या रस्त्यात गेलं. रस्ता झाला, कुंपण झालं, पण तांबूला कोणी कळवलं नाही! संध्याकाळ झाली की तो कुंपणाखालून आत घुसायचा आणि गाड्यांमधून चक्कर मारायला बघायचा. दोनदा थोडक्यात वाचला. गुलाबरावांनी त्याला दारात बांधलं, तर तो जेवेना. सोडला तर रस्त्यावर, बांधला तर उपाशी. बरगड्या मोजता येत होत्या.

म्हणून सहलीचं ठरलं तेव्हा गुलाबराव म्हणाले, "मी येतो. पण हा येईन. मी नसलो आन् याले कोणी सोडलं, तं मंग वापस आल्यावर मले हा दिसनार नाही."

आम्ही मागच्या सीटवर त्याची जागा धरली.

*

गाडी सलीमभाईंच्या साडूची. सीटला केस लागले तर नातं तुटेल, असं सलीमभाईंचं म्हणणं. त्यांनी मागच्या सीटवर अंथरायला लायब्ररीतून एक जुना फ्लेक्स आणला. स्नेहसंमेलनाचा होता. तांबू तीनदा गोल फिरला आणि बरोबर प्राचार्यांच्या फोटोवर बसला.

उजाडल्यावर चहाला थांबलो तेव्हा सलीमभाईंनी कौतुकाने त्याचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. आमच्या चौघांच्या ग्रुपवर टाकायचा होता. टाकला स्टाफच्या ग्रुपवर. प्राचार्य त्यात आहेत!

अर्धा तास मी सलीमभाईंचा फोन हातात धरून बसलो. मग साहेबांचा मेसेज आला.

"छान. सोमवारच्या रजेचा अर्ज दिसत नाही."

*

निघालो पहाटे चारला, आणि नव्या रस्त्यानेच निघालो, कारण दुसरा रस्ता लांबचा. सलीमभाई शंभरने चालवत होते. तांबू झोपलेला. अचानक तो उठला, काचेला नाक लावलं आणि कुईकुई करायला लागला. बाहेर मिट्ट काळोख. आम्हाला काही कळेना.

"वावर आलं," गुलाबराव म्हणाले.

मी खिडकीतून बघायला वळलो.

"गेलं," गुलाबराव म्हणाले.

थोड्या वेळाने ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पेरायले दोन दिवस लागत मले."

*

दापोलीच्या पलीकडे एका गावात सुरेशकाका म्हणून आहेत. नारळ-सुपारीची वाडी आहे, तीत पाहुण्यांसाठी दोन खोल्या. शुक्रवारी पोचलो तेव्हा अंधार पडला होता, त्यामुळे समुद्र नुसता ऐकू आला. देशमुख सर व्हरांड्यात उभे राहून बराच वेळ ऐकत होते.

"सर, काऊन झोपत नाही?" सलीमभाईंनी विचारलं.

"थांबा हो. एवढी वर्षं मी पोरांना सांगत होतो, आवाजाचं कधी सांगितलंच नाही."

सकाळी मात्र सरांची निराशा झाली. पाणी मातकट होतं. बराच वेळ बघून ते म्हणाले, "पुस्तकात निळा आहे."

*

किनाऱ्यावर नाताळची जत्रा भरलेली. लाल टोप्या, फुगे, गाणी, उंटसुद्धा! पुण्याच्या एक बाई आपल्या कुत्र्याला स्वेटर घालून फिरवत होत्या. कुत्रा पांढरा, केसाळ, दोन्ही बाजूंनी सारखाच दिसणारा. त्यांनी तांबूकडे पाहिलं.

"कुठलं ब्रीड आहे हो हे?"

"साखरखेर्डा," गुलाबराव म्हणाले.

बाईंनी मान डोलावली. "प्युअर आहे का?"

"नाही. याचा बाप रोहिणखेडचा होता."

"अच्छा, मिक्स!" बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोटो काढून घेतला.

*

मग तांबूने जे केलं ते मी विसरणार नाही.

सोडल्याबरोबर तो ओल्या वाळूच्या कडेने डावीकडे सुटला. थेट खडकांपर्यंत गेला. तिथून परत. मग उजवीकडे, पार खाडीपर्यंत. तिथूनही परत. दोन धुरे झाले, सुरूच्या झाडांकडचा तिसराही झाला. मग तो पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. दोन पावलं आत, दोन पावलं मागे. असं चार-पाच वेळा झाल्यावर येऊन गुलाबरावांसमोर बसला आणि त्यांच्या तोंडाकडे बघायला लागला. भुंकला नाही.

वावर गेल्यापासून त्याने पहिल्यांदा चक्कर मारली होती, आणि ती अपुरीच राहिली.

गुलाबराव कपाळावर हात धरून लांबवर बघत होते. "अबे, याले पलीकडचा धुराच नाही!" मग सोबत आलेल्या सुरेशकाकांकडे वळले. "काका, पलीकडं कोणाचं आहे?"

"पलीकडे? अरबस्तान."

गुलाबरावांनी मान हलवली. "मंग तिकडचा धुरा त्याईचं कुत्रं पाहत असंन."

*

दुपार व्हायच्या आतच पाणी चढायला लागलं. देशमुख सरांच्या अंगात वर्ग संचारला. त्यांनी वाळूत पृथ्वी काढली, एका शिंपल्याचा चंद्र केला आणि आम्हाला, आजूबाजूच्या चार पोरांना आणि एका उंटवाल्याला भरती समजावून दिली. चपला कडेला काढून ठेवल्या होत्या.

"आता रात्रीपर्यंत पाणी वाढतच जाणार. पण इथपर्यंत येणार नाही. मी हिशेब केलाय."

पाणी आलं. आधी चंद्र गेला. मग पृथ्वी. मग चपला!

तांबूने सकाळी घातलेली हद्द केव्हाच बुडाली होती. तो खवळला होता. प्रत्येक लाटेवर धावून जायचा, लाट मागे सरली की छाती काढून उभा राहायचा, तोवर दुसरी यायची. आवाज बसला तरी भुंकत होता. लोक व्हिडिओ काढत होते, हसत होते. गुलाबराव हसत नव्हते. "डुकरं असेच येतात," ते म्हणाले. "एका मागं एक."

पाचच्या सुमारास पाणी थांबलं. आणि थोड्या वेळाने खरंच मागे सरायला लागलं. एक वीत, एक हात, मग चांगली वीस-पंचवीस पावलं. तांबू त्याच्या मागे मागे गेला, वाळूचा वास घेतला, खात्री केली आणि आला. गुलाबरावांसमोर बसला.

"झालं का रे?"

तांबू एकदाच भुंकला.

त्या संध्याकाळी त्याने भात, मासळीचं पाणी आणि सलीमभाईंची अर्धी भाकरी खाल्ली. ताट चाटूनपुसून लख्ख. गुलाबराव ते ताट हातात धरून नुसते बसले होते.

मग देशमुख सरांना म्हणाले, "सर, तुमचा चंद्र वाहून गेला, आन् माह्या कुत्र्यानं समुद्र हटवला."

सर अनवाणी होते.

*

रविवारी निघताना सुरेशकाकांनी विषय काढला. माकडं वाडीत शिरून शहाळी नासवतात, त्यांचा जुना कुत्रा म्हातारा होऊन गेला, वगैरे.

"ठेवून जा ओ याला. माझ्याकडे सुखात राहील."

"तो काय सामान आहे काय, ठेवून जायले?" गुलाबराव एकदम चिडले. मी त्यांना इतक्या वर्षांत चिडलेलं पाहिलं नव्हतं. "कुत्रं आहे माह्यं. सांगून राह्यलो तुमाले."

आम्ही बॅगा भरल्या. फ्लेक्स पुन्हा अंथरला.

तांबू वाळूवर होता. पाणी नुकतंच चढायला लागलं होतं आणि तो कामावर रुजू झाला होता. गुलाबरावांनी हाक मारली. त्याने वळून पाहिलं, शेपटी हलवली आणि परत लाटेकडे धावला. दुसऱ्यांदा हाक मारली. या वेळी त्याने वळूनही पाहिलं नाही.

तिसरी हाक गुलाबरावांनी मारली नाही. साखळी सुरेशकाकांच्या हातात दिली.

"बांधू नका याले," ते म्हणाले. "बांधलं तं जेवत नाही."

आणि गाडीत येऊन बसले.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पुण्यापर्यंत सलीमभाईंनी गाणी लावली नाहीत. आमच्या जिल्ह्यात शिरल्यावर त्यांनी एका जागी गाडी न सांगता हळू केली.

"चाल बे," गुलाबराव डोळे मिटूनच म्हणाले. "आता इथं कोणी नाही."

*

मंगळवारी सुरेशकाकांचा फोन आला. कुत्रा एकदम शहाणा आहे, माकडं फिरकत नाहीत, रोज पाण्याला हुसकावून लावतो. पण परत येऊन ताटाजवळ बसून राहतो. दोन दिवस अन्नाला तोंड लावलेलं नाही.

गुलाबराव तेव्हा बेल द्यायला निघाले होते. तिथेच थांबले.

"काका, फोन त्याच्या कानाजवळ न्या. नेला? ... झालं का रे?"

फोनमधून एक भुंकणं आलं. एकच. मग चपचप खाण्याचा आवाज. त्या दिवशी तास दहा मिनिटं उशिरा सुटला.

तेव्हापासून हा फोन रोज येतो. ओहोटी लागली की येतो, त्यामुळे रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकतो. देशमुख सर त्याची वेळ फळ्यावर लिहून ठेवतात. भरती-ओहोटी पोरांना यंदा पहिल्यांदाच समजली, असं ते स्वतः सांगतात.

मागच्या आठवड्यात प्राचार्यांच्या केबिनमध्ये मीटिंग होती. मोबाईल बंद, अशी सक्त सूचना. गुलाबराव चहाचा ट्रे घेऊन आत आले आणि त्यांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी ट्रे सरळ साहेबांच्या फायलींवर ठेवला, दारापाशी गेले, "झालं का रे?" म्हणाले, भुंकणं ऐकलं आणि येऊन कप वाटायला लागले.

साहेबांनी चष्मा काढला. "गुलाबराव, रोज कोणाचा फोन असतो हा?"

"वावरातून असते साहेब."

साहेब जरा गोंधळले. "तुमचं वावर तर रस्त्यात गेलं ना?"

"हाव साहेब," गुलाबरावांनी त्यांच्यासमोर कप ठेवला. "हे दुसरं आहे. जरा मोठं आहे. पलीकडचा धुरा दिसत नाही."