सत्यभामाबाई उभ्या राहून सांगतात

चकलांब्याच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत सत्यभामाबाईंना सगळे कामचुकार म्हणत. शनिवारी बायका चर्च झाडायला जमल्या की या अर्ध्यातूनच पदर सावरून निघायच्या. कुठे म्हणून विचारलं तर जळण आणायला, असं सांगायच्या. त्यांच्या वाटणीचा केर दुसरीला काढावा लागे आणि मागून त्यांच्या नावाने बोटं मोडली जात. बाईंना हे ठाऊक होतं, पण त्या बोलत नसत.

याचं मूळ पाळकांच्या एका उपदेशात होतं. सेवा अशी करावी की या हाताचं त्या हाताला कळू नये, असं ते एकदा म्हणाले. आम्ही माना डोलावल्या आणि घरी जाऊन जेवलो. बाईंनी मात्र ते अक्षरशः धरलं. उपदेश असा मनावर घेणारं माणूस मंडळीत एखादंच असतं आणि नेमका त्यालाच त्याचा भुर्दंड बसतो.

गावाबाहेर शेतात, पत्र्याच्या खोलीत सुंदरराव राहायचे. लकव्याने त्यांचं एक अंग गेलं होतं. मुलगा आणि सून दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेले, तेव्हा चुलतभावाला लक्ष ठेवायला सांगून गेले होते. म्हातारा तोंडाने फाटका. शिव्या देऊन त्याने सगळ्यांना तोडलं होतं, त्यामुळे तिकडे कुणी फिरकत नसे. सत्यभामाबाई रोज पदराखाली भाकरी-कालवण झाकून न्यायच्या, त्यांना भरवायच्या, अंग पुसायच्या, पाणी भरून ठेवायच्या. कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी म्हाताऱ्यालाही बजावलं होतं. चुलतभाऊ अधूनमधून डोकावे, तेव्हा म्हातारा स्वच्छ आणि जेवलेला दिसे. यांचं बरं चाललंय असं समजून त्याने येणंच सोडलं.

थंडीत बाई तापाने फणफणल्या. शेजाऱ्यांनी जीपमध्ये घालून गेवराईला दवाखान्यात नेलं. कित्येक दिवस त्यांना शुद्ध नव्हती. डोळे उघडले तेव्हा पाळक उशाशी प्रार्थना करत होते.

"सुंदररावाला भाकर कुणी दिली?" बाईंनी विचारलं.

तापात बरळतायत असं वाटून पाळकांनी प्रार्थना चालूच ठेवली. बाईंनी त्यांचा हात धरून पुन्हा विचारलं, तेव्हा कुठे त्यांनी आम्हाला फोन केला.

आम्ही तिघे धावलो. सुंदरराव उंबऱ्यापर्यंत सरपटत आले होते आणि तिथेच गेले होते. आत माठ कोरडा पडला होता. मला त्या दिवसाचा अजून राग येतो आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

मुलगा उसाच्या फडावरून आला. सगळं उरकल्यावर तो बाईंच्या घरी जाऊन त्यांच्या पाया पडला. माझ्या बापाला तुम्हीच इतके दिवस जगवलं, म्हणाला. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बाईंनी त्या सोसल्या असत्या. पण या पाया पडण्याने त्या पार खचल्या.

त्यानंतरच्या रविवारी चर्चमधली भक्ती संपता संपता बाई उभ्या राहिल्या. देवाने आजारातून उठवलं याची साक्ष देणार असतील, असं आम्हाला वाटलं.

"मी रोज सकाळी भिवराबाईला भाकर द्यायला जाते. तिला दिसत न्हाई, घरात एकलीच असती. मी चर्चला आले न्हाई, कुठं दिसले न्हाई, तर तुमच्यातलं कुणीतरी तिच्याकडं जा."

एवढं बोलून त्या बसल्या. दर रविवारी त्या हेच सांगू लागल्या, तशी पोरं हसायला लागली. बायका म्हणाल्या, आधी काम चुकवायची, आता मिरवते. शेवटी मंडळीचे पंच राधाकिशन यांनी त्यांना सगळ्यांदेखत समजावलं की बाई, सेवेचा असा डंका पिटला तर देवाकडे त्याचं काही फळ उरत नाही.

"मला ठाव हाय," बाई म्हणाल्या. "नगं मला फळ. भिवराबाई जेवली पायजे."

तेव्हापासून कुणी हसत नाही. दर रविवारी बाई उभ्या राहतात, सांगतात आणि थोडा वेळ तशाच आमच्याकडे बघत थांबतात. तुमच्यासोबत मीही येते, असं म्हणायला अजून कुणी उठलेलं नाही.