बोट सुटायच्या आधी आईचा फोटो

मी इथे फारसं लिहीत नाही, पण आज लिहावंसं वाटलं.

बाबा उन्हाळ्यात गेले. त्याआधीच त्यांनी स्वतःसाठी आणि आईसाठी क्रूझ बुक केली होती. त्यांच्या जागी मी जायचं ठरवलं. साताऱ्याची आत्या म्हणाली, "वर्षाच्या आत कसली रे मौज?" आईने बॅग भरायला घेतली.

आज जुईनगरहून लवकर निघालो. हाताशी वेळ होता, म्हणून आधी गेटवे बघायला थांबलो. मी पाण्याची बाटली घेऊन परत आलो, तर आई जागेवर नाही. तिचा फोन माझ्याच बॅगेत. चेक-इन बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. त्या गर्दीत मी वेड्यासारखा शोधत सुटलो.

आई एका फोटोवाल्यासमोर उभी होती.

"आजी, जरा मधे या ना," तो म्हणत होता.

"नको. मी इथंच बरी. ती बाजूची जागा मोकळी राहू दे."

"आई, बोट सुटेल!" मी ओरडलोच.

"सुटू दे. प्रिंट घेतल्याशिवाय मी हलणार नाही."

लग्नानंतर दोघांनी इथेच काढलेला फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. त्यात आईच्या बाजूला, त्याच जागी बाबा उभे आहेत. मी प्रिंटची वाट पाहिली.

चेक-इन बंद होता होता कसेबसे पोहोचलो. आता बोट निघाली आहे. आई फोटो हातात घेऊन खिडकीशी बसली आहे. किनारा अजून दिसतोय, म्हणून नेटवर्क आहे.

आत्ताच आत्याचा मेसेज आला, "गेलात ना शेवटी? मग फोटो तरी पाठव."

माझ्याकडे आजचा हा एकच फोटो आहे. पाठवू का?