आधी त्याचं सांग

घरत सरांच्या शुक्रवारच्या तासाला खाली बसायला परवानगी लागायची. शेवटचा तास चर्चेचा असे. ज्याला बोलायचं असेल त्याने उभं राहायचं, पण आपलं मत सांगायचं नाही. आधी समोरच्याचं मत सांगायचं, तेही असं, की समोरचा स्वतः म्हणाला पाहिजे, "हेच." तो 'हेच' म्हणेपर्यंत उभं राहायचं. मग आपलं बोलायचं आणि मग खाली बसायचं. पहिल्या शुक्रवारी मी पूर्ण तास उभी होते. पाय दुखतात म्हटल्यावर सर म्हणाले, "दुखू देत. मतं फुकट मिलत नाय."

एरवी ते पुस्तकी मराठी बोलत. चिडले की त्यांच्या खाडीकाठच्या गावची बोली बाहेर यायची. "आदी त्याचा सांग, मंग तुजा," हे त्यांचं वाक्य आमच्या वर्गात सगळ्यांना पाठ होतं. आम्ही कॅन्टीनमध्ये वडापाववरून भांडतानाही तेच म्हणायचो.

मी आमच्या घरातली कॉलेजला जाणारी पहिली मुलगी. पप्पा वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये माथाडींच्या टोळीत कांद्याच्या गोण्या उचलतात. आम्ही तुर्भ्याला, नाल्याकाठच्या वस्तीत राहतो. मला बोलायची भीती वाटायची, अजून वाटते. सर ती घालवायला मदत करत, असं मी कुणाला सांगितलं तर ते खोटं ठरेल. ते भीतीवर बोट ठेवून दाबत. एकदा मी "मला वाटतं, कदाचित" म्हणाले, तर म्हणाले, "तुला वाटतं की कदाचित? दोन्ही नको. एक घरी ठेवून ये."

पण स्वतःलाही ते सोडत नसत. हे शहर बसवताना त्यांच्या वडिलांची भातशेती गेली होती. पहिल्याच तासाला त्यांनी जमीन घेणाऱ्यांची बाजू मांडली. इतकी चोख, की आम्हाला ते सरकारी अधिकारीच वाटले. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, आणि वडिलांची बाजू?"

"ती मी रोज जेवताना ऐकतो," सर म्हणाले आणि फळा पुसायला लागले.

तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या वस्तीला घरं रिकामी करण्याची नोटीस लागली. त्या शुक्रवारी सरांनी फळ्यावर लिहिलं: वस्ती पाडावी का? वर्गात सगळ्यांना माझा पत्ता माहीत होता. कुणी उठेना. शेवटी सानपाड्याच्या एका सोसायटीत राहणारा केतन म्हणाला, "सर, राहू दे ना. रेश्मा आहे."

"म्हणून तर," सर म्हणाले. "रेश्मा, ऊठ. केतनचा सांग."

मी म्हटलं, "सर, माझ्या घराचं आहे ते."

"माझ्या गावच्या घराला पण नोटीस हाय, बेकायदा म्हनून. सांग."

मी केतन होऊन सांगितलं. आधी अडखळले, मग कुठून आलं कोण जाणे, पण आलं. आम्ही वीस वर्षं हप्ते भरून घर घेतलं. दर पावसात नाला तुंबतो आणि पाणी आमच्या पार्किंगमध्ये येतं, कारण नाल्यावर घरं आहेत. आम्ही कर भरतो, ते भरत नाहीत. दया येते, पण दया किती वर्षं करायची? पाडायलाच हवी ती वस्ती.

केतन खाली बघत म्हणाला, "हेच."

"शाबास," सर म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदा. "आता तुजा सांग."

तेवढ्यात घंटा झाली. सर म्हणाले, "तुझं पुढच्या शुक्रवारी." मी शाबासकीच्या आनंदात होते, हे लिहायला लाज वाटते.

कुणीतरी मोबाइलवर माझा व्हिडिओ काढला होता. संध्याकाळपर्यंत 'पाडायलाच हवी ती वस्ती' एवढंच वस्तीत पोचलं. नळावर शेजारच्या काकूंनी माझा हंडा बाजूला सरकवला. "काय गं, तुझा फ्लॅट कुठं घेतलाय, सानपाड्याला?" पप्पा घरी आले ते चप्पल न काढताच बसले. "टोळीतल्या समद्यांनी पाह्यलं," एवढंच म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी वस्तीतली माणसं कॉलेजच्या गेटवर आली. प्राचार्यांनी मला आणि सरांना आत बोलावलं. माझ्या मागे वस्तीचे पुढारी अण्णा उभे होते.

"हे मत तुझं आहे का? हो की नाही?" प्राचार्यांनी विचारलं.

"नाही."

"मग बोलायला कुणी लावलं?"

मला नियम सांगता आला असता. वर्गातला प्रत्येक जण असाच बोलतो, सर स्वतःही बोलतात, हे दोन वाक्यांत झालं असतं. अण्णांचा हात माझ्या खांद्यावर आला. मी म्हणाले, "सरांनी."

सर म्हणाले, "ती खरं सांगते."

सर तासिका तत्त्वावर होते, वर्षानुवर्षं. त्यांना काढायला कागदसुद्धा लागला नाही. पुढच्या आठवड्याच्या वेळापत्रकात त्यांचं नाव नव्हतं. शुक्रवारचा शेवटचा तास मोकळा झाला. पोरांना आवडलं.

चार महिन्यांनी मी त्यांच्या गावी गेले. ओटीवर बसून ते शिकवणीच्या मुलांच्या वह्या तपासत होते. त्यांनी बस म्हटलं नाही.

"सर, माझं चुकलं. मी त्या दिवशी..."

"आदी त्यांचा सांग," वहीतून मान वर न करता ते म्हणाले. "ज्यांनी मला काढला त्यांचा."

मी उभ्या उभ्या सांगायला लागले. एका मास्तरने, जिच्या घराला नोटीस लागली आहे अशा मुलीला, तिचं घर पाडा असं चारचौघांत बोलायला लावलं. त्याच्याही घराला नोटीस होती, पण त्याच्या पाठीशी अख्खं गाव आहे, तिच्या पाठीशी झोपडीचे चार पत्रे. दोघांनाही सारखंच झेपेल असं त्याने धरलं. संध्याकाळी तिला त्याच नळावर पाणी भरायचंय, हे त्याला सुचलं नाही. आणि घंटा झाली तेव्हा तिला तसंच अर्ध्यावर सोडून तो निघून गेला.

मी एका दमात सांगितलं. त्यात 'कदाचित' एकदाही आलं नाही.

सरांचं लाल पेन थांबलं होतं.

"हेच," ते म्हणाले. मग हातातली वही मिटून, "आता तुजा सांग."

मी उभीच राहिले. त्यांचं म्हणून जे सांगितलं, त्यातच माझं मघाशी सांगून झालं होतं. सरांना ते माझ्याआधी कळलं असावं, कारण त्यांनी पुढची वही उघडली.